उतरत्या बोलीची रोजी

साशंक : लिलाव ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती इजाऱ्याने देण्याची चाल पडली, जो अधिक रक्कम कबूल करील त्याच्या हाती महाल जाऊ लागला, आणि त्या चढ्या बोलीची भरपाई अखेर रयतेकडून होऊ लागली, हे एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात नमूद करून ठेवले आहे. पुढे सरकारी बांधकामे आणि रेल्वे यांच्या व्यवहारात लिलावाची दिशा उलटली. निविदा मागवाव्यात आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याला मक्ता द्यावा, ही रीत सर्वत्र रूढ झाली. परंतु या उतरत्या लिलावातही एक न्याय सांभाळलेला होता. मक्तेदाराने निविदेसोबत बयाण्याची रक्कम भरली आणि मक्ता दुसऱ्याला गेला, तर ती रक्कम त्याला परत मिळे, आजही मिळते. तू ज्या संकेतस्थळांवर काम शोधतेस तेथे हा न्यायही उरलेला नाही. अपवर्कवर प्रस्ताव पाठवायचा तर ‘कनेक्ट’ नावाची टोकने खर्चावी लागतात; 2019 पासून एकेका टोकनाची किंमत 15 सेंट आहे, एका प्रस्तावाला अशी अनेक टोकने लागतात, आणि काम दुसऱ्याला मिळाले म्हणून ती कोणी परत करीत नाही. आपला प्रस्ताव यादीत वर दिसावा अशी इच्छा असेल तर वरच्या मोजक्या जागांसाठी त्याच टोकनांची पुन्हा वेगळी बोली. म्हणजे काम मागण्याच्या अधिकारासाठी एक बोली आणि कामाच्या मोबदल्याची दुसरी, अशा दुहेरी लिलावात आपली शिकली-सवरलेली मुले उभी आहेत. हे मला उपजीविकेचे साधन वाटत नाही.

उत्साही : काका, तुम्ही लिलावापासून आरंभ केलात, मी जबलपुरापासून करते. या शहरातल्या मराठी घरांची हकीकत काढली तर ती बहुतेक सरकारी आदेशांची हकीकत निघते. 1904 साली गन कॅरेज फॅक्टरी निघाली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना झाला, 1969 साली वाहनांचा कारखाना आला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय येथे बसले, तेव्हा नागपूरच्या न्यायालयामागून कितीतरी वकील, लिपिक आणि भाषांतरकार राइट टाउन-नेपियर टाउनमध्ये बिऱ्हाडे करून राहिले. वीज मंडळाचे मुख्यालय आले, 2003 साली पश्चिम मध्य रेल्वेचे आले. या प्रत्येक आदेशाने शे-दोनशे घरांना दोन पिढ्यांचे स्थैर्य दिले. पण तो काळ सरला. 1 ऑक्टोबर 2021 रोजी हे कारखाने चालवणारे आयुधनिर्माणी मंडळच विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, आणि खमरियाचा कारभार आता पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे गेला. येथील अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 सालचे, मध्य भारतातले जुने आणि नामांकित. त्यातून बाहेर पडणाऱ्या मुलांपुढे पुणे, हैदराबाद आणि बंगळूर यांच्या गाड्या धरण्यावाचून फारसा मार्ग नसे. मी तो मार्ग घेतला नाही, कारण घरी आईवडील होते आणि त्यांना सोडून जाणे मला शक्य नव्हते. मी नकाशे काढते. अमेरिकेतल्या एखाद्या लहानशा गावात घर बांधणारा कंत्राटदार असतो. त्याला नगरपालिकेच्या परवान्यासाठी रेखाचित्रांचा पूर्ण संच हवा असतो, आणि तेथील वास्तुविशारदाचे शुल्क त्याला परवडत नाही. ते काम मी येथल्या गढा भागातल्या घरात बसून करते. सोळा सोळा इंचांवर लाकडी खांब ठेवून भिंत कशी उभारतात, थंडी अडवण्यासाठी तिच्या पोटात काय भरतात, छपराचा उतार फुटाला किती इंच लिहायचा, हे मला कोणत्याही महाविद्यालयात शिकवलेले नव्हते. ते या संकेतस्थळावर काम करता करता शिकले. ज्याने पहिले काम दिले त्याने माझे आडनाव विचारले नाही, वडील कोणत्या खात्यात होते हे विचारले नाही, आणि लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का, हा मुलींना हटकून विचारला जाणारा प्रश्नही विचारला नाही. त्याने मागे केलेले दोन नकाशे तेवढे पाहिले.

साशंक : तुला काम मिळाले याचा मला आनंदच आहे, आणि तू ते उत्तम करतेस हेही मी जाणतो. पण एका व्यक्तीचे यश हा त्या व्यवस्थेचा दाखला होऊ शकत नाही. घरी बसून दूरच्या मालकाचे काम तुकड्यावर करणे, ही या शहराला ठाऊक असलेली गोष्ट आहे. तिचे नाव विडी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जबलपूर हे विड्यांच्या व्यापाराचे केंद्र होते आणि गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत तोच पसारा होता. कारखानदार तेंदूपत्ता आणि तंबाखू सट्टेदाराला देई, सट्टेदार तो माल घरोघर वाटी, बायका-मुले रात्री दिव्याशी बसून हजाराच्या हिशेबाने विड्या वळीत, आणि सकाळी सट्टेदार त्यातल्या काही विड्या सदोष ठरवून बाजूला काढी. त्या बाजूला काढलेल्या विड्यांना छाट म्हणत. छाटाची मजुरी मिळत नसे. विड्या मात्र वळणारीला परतही मिळत नसत. कारखानदाराला विचारावे तर तो म्हणे की या बायका माझ्या नोकर नाहीत, माझा व्यवहार सट्टेदाराशी. सट्टेदार म्हणे की मी मध्यस्थ, दर वरून ठरतो. आता तुझ्याकडे पाहा. गिऱ्हाईक म्हणतो तू स्वतंत्र व्यावसायिक आहेस. संकेतस्थळ म्हणते आम्ही केवळ दोघांची भेट घालून देतो. गिऱ्हाइकाने काम नापसंत करून रक्कम अडवली आणि फाइल मात्र आपल्या संगणकात उतरवून घेतली, असे तुझ्याच बाबतीत एकदा झाले होते ना? तुझ्या मिळकतीतला हिस्सा संकेतस्थळ कापून घेते. अपवर्कने 2016 साली त्याची चढती-उतरती कोष्टके केली, पहिल्या 500 डॉलरांवर 20 टक्के. 2023 साली सरसकट 10 टक्के केले. 2025 पासून कामागणिक शून्यापासून 15 टक्क्यांपर्यंत काहीही. फाइव्हर या दुसऱ्या संकेतस्थळावर 20 टक्के आहेत. या कोष्टकांत बदल करताना नकाशे काढणाऱ्या कोणाला विचारले होते काय? विडी वळणारीलाही विचारीत नसत.

उत्साही : तुलना जबर आहे, आणि छाटाचा भाग तर मला टाळताच येत नाही, कारण तो अनुभव माझा आहे. तरीही दोन ठिकाणी ती तुटते, आणि ती दोन ठिकाणे क्षुल्लक नाहीत. विडी वळणारीला दर सांगण्याची मुभा नव्हती. मला आहे. आरंभी मी लोकांच्या खालचा दर लावला, कारण माझ्या नावावर एकही अभिप्राय नव्हता. जसजसे अभिप्राय जमले तसतसा मी तो वाढवला, आणि काही गिऱ्हाइके सोडून गेली तरी उरलेल्यांनी वाढीव दर दिला. सर्वांत कमी बोलीलाच काम मिळते ही समजूतही पुरती खरी नाही. पुष्कळदा जाहिरात नीट वाचून तिच्यातली उणीव दाखवणाऱ्याला काम मिळते. एका गृहस्थाने जिन्याचे माप चुकीचे दिले होते. मी प्रस्तावात दराच्या आधी त्या मापाविषयी लिहिले, आणि तो माणूस आजतागायत माझ्याकडे येतो. दुसरी गोष्ट रकमेच्या अनामतीची. ठरीव मोबदल्याच्या कामात गिऱ्हाइकाने रक्कम आधी संकेतस्थळाच्या हाती ठेवल्याखेरीज मी रेघ ओढीत नाही. सट्टेदाराने कोणत्या विडीवाल्या बाईसाठी अशी रक्कम तिऱ्हाइताकडे ठेवली होती? आपल्याच शहरातल्या एका बांधकाम व्यावसायिकाकडे माझ्या मैत्रिणीने केलेल्या कामाचे पैसे अजून यायचे आहेत, आणि ती रोज त्याच्या कचेरीत खेटे घालते आहे. परदेशातल्या अनोळखी माणसाकडून मिळणारी हमी जवळच्या ओळखीच्या माणसाकडून मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे. आणि ही व्यवस्था कोणा परक्यानेच आपल्यावर लादली असेही म्हणता येत नाही. या क्षेत्रातल्या आद्य संकेतस्थळांपैकी एक ईलान्स. त्याच्या संस्थापकांपैकी एक, बीरुद शेठ, हे मुंबईच्या आयआयटीचे. ओडेस्क 2003 साली दोन ग्रीक मित्रांनी काढले, एक अमेरिकेत आणि एक ग्रीसमध्ये असताना एकत्र काम कसे करावे, या अडचणीतून. पुढे ही दोन्ही एक झाली आणि 2015 साली त्यांचेच नाव अपवर्क झाले. दूर असलेल्या गुणी माणसाला काम पोहोचावे, ही त्यांच्या मुळाशी असलेली इच्छा मला खोटी वाटत नाही. खोटे आहेत ते दुसरेच. अर्ज भरून देण्याचे घरबसल्या काम म्हणून आधी नोंदणी-शुल्क घेतात, मग चुका काढून करारभंगाच्या बनावट नोटिसा पाठवतात आणि भीती घालून आणखी पैसे उकळतात. त्यांना बळी पडलेली मुले आपल्या शहरातही आहेत. त्यांनी सायबर गुन्ह्यांसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. त्या लुटारूंना आणि या संकेतस्थळांना एकाच मापाने मोजू नये.

साशंक : मी एकाच मापाने मोजीत नाही. माझे माप माझ्या खात्याचे आहे. मी कारखान्यात दर ठरवण्याच्या विभागात आयुष्य काढले. एखादा सुटा भाग तासायला किती मिनिटे लागावीत, हत्यार बदलायला किती, माल येईपर्यंत माणूस थांबला तर तो वेळ कोणाच्या खात्यावर लिहायचा, हाच माझा उद्योग होता. तुकड्यावर काम करणाऱ्या कामगाराला तेथेही कामाप्रमाणे पैसे मिळत. पण त्याला मूळ वेतनाची हमी होती, आणि यंत्र बंद पडले किंवा पोलाद आले नाही तर तो खोळंबा कारखान्याच्या माथी पडे. जादा तासांना 1948 च्या कारखाना कायद्याने दुप्पट दर होता. आता तुझ्या कामाचा असाच तक्ता मांडू. समज, एक काम मिळवण्यासाठी वीस प्रस्ताव लिहावे लागतात आणि मनापासून लिहिलेल्या प्रस्तावाला अर्धा तास जातो. म्हणजे दहा तास झाले. त्यात टोकनांचा खर्च, गिऱ्हाइकाशी पूर्वबोलणी, नमुन्यादाखल फुकट काढून दिलेला एखादा कोपरा, आणि न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा येथे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात होतात म्हणून मोडलेली रात्र, हे सारे मिळव. काम जर वीस तासांचे असेल तर तुझा प्रत्यक्ष दर कागदोपत्री दराच्या दोन-तृतीयांशही उरत नाही. माझा आक्षेप बोली कमी असण्यावर तितकासा नाही. काम शोधण्याचा सगळा खोळंबा, जो पूर्वी कारखानदार, मंडळ किंवा पेढी आपल्या शिरावर घेत असे, तो येथे एकट्या माणसाच्या घरात येऊन पडला आहे, आणि तो कोठेही लिहिला जात नाही, यावर आहे. एका कामासाठी पन्नास जणांनी प्रस्ताव पाठवले तर एकोणपन्नास जणांचे श्रम कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. संकेतस्थळाला मात्र पन्नासांचीही टोकने मिळतात. उलट जेथे तासावर काम असते तेथे दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा तुझ्या संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र घेतले जाते आणि कळफलकावर बोटे किती वेळा पडली तेही मोजले जाते. पगाराचा वेळ इतका काटेकोर मोजणाऱ्यांनी बिनपगारी वेळ एकदाही मोजू नये, हे एका जुन्या हिशेबनिसाला सहन होत नाही.

उत्साही : हा तक्ता मी मान्य करते, आणि नव्याने येणाऱ्या मुलींना मी तो असाच मांडून दाखवते, पहिल्या काळात प्रस्ताव हा खर्च आहे, मिळकत नव्हे, हे त्यांना कळलेच पाहिजे. पण काका, तुमच्या तक्त्यात एक रकाना राहिला. ज्या नोकऱ्यांनी तो खोळंबा आपल्या शिरावर घेतला, त्या नोकऱ्यांच्या दाराबाहेर किती माणसे किती वर्षे उभी होती? लोकसेवा आयोगाच्या, रेल्वेच्या, बँकांच्या परीक्षांसाठी आपल्या आळीतली मुले इंदुरात खोल्या घेऊन चार चार, पाच पाच वर्षे काढतात. एका जागेसाठी शेकडोंनी अर्ज करतात. आणि वयाची अट संपली की तेवढ्या वर्षांच्या अभ्यासाचा एक कागदही त्यांच्या हाती नसतो. त्यांचा वेळ तरी कोणी मोजला? आपण कारखान्याच्या आतला हिशेब काटेकोर ठेवलात, पण कारखान्यात शिरू न शकलेल्यांचा हिशेब त्या काळीही कोणाच्या वहीत नव्हता. आणि त्यांत बायका किती होत्या, याचा विचार करा. माझी आई गणितात पहिल्या वर्गाची पदवीधर. तिच्या बदलीच्या गावी जाण्याला घरचे कबूल झाले नाहीत म्हणून तिने शिक्षिकेची नोकरी सोडली, आणि त्यानंतर तिच्या गणिताला या शहराने काही किंमत दिली नाही. आज माझ्या ओळखीची एक मुलगी मूल निजल्यावर हिंदी मालिकांची मराठी उपशीर्षके लिहिते. हिंदी आणि मराठी दोन्ही भाषा घरच्यासारख्या येणे ही जबलपूरच्या मराठी माणसाची सहज प्राप्त झालेली विद्या, जिचा मोबदला आजवर कोणी दिला नव्हता, तिला त्या कामात दर मिळतो. तो दर कमी आहे, मी नाकारीत नाही. परंतु कमी दर आणि शून्य दर यांतले अंतर, जो नेहमी पगारावर राहिला त्याला दिसते तेवढे लहान नसते.

साशंक : तुझ्या आईविषयी तू जे म्हणालीस त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. आमच्या व्यवस्थेने जे बाहेर ठेवले त्याचा दोष आमच्या पिढीकडे येतो. तेव्हा मी माझा आक्षेप अधिक नेमका करतो. तू म्हणतेस की त्या गिऱ्हाइकाने तुझे आडनाव विचारले नाही. त्याने देश पाहिला असेल. कित्येक कामांवर केवळ अमेरिकेतल्याच माणसांनी यावे असे लिहिलेले असते, आणि जेथे तसे नसते तेथेही नावाखाली भारत दिसला की गिऱ्हाईक दर मनातल्या मनात खाली ओढतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या इंटरनेट संस्थेने 2016 पासून या बाजाराची गणना सुरू केली. तीत काम करणाऱ्यांच्या संख्येत भारत पहिला आहे. ज्या मालाचा पुरवठा सर्वांत मोठा त्याचा भाव काय होतो हे सांगायला नको. त्यात 2022 च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आले, आणि लेखन-भाषांतराची जी कामे तुझ्या ओळखीची ती मुलगी करते त्यांची मागणी खाली आल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. तरीही हे सगळे बाजाराचे चढउतार म्हणून मी सोडून देईन. जे सोडून देता येत नाही ते तुझ्या पतीचे. म्हणजे तुझ्या बाजारातल्या पतीचे, विश्वासाचे. तू वर्षानुवर्षे खपून जे अभिप्राय मिळवलेस, ज्यांच्या जोरावर दर वाढवलास, ते कोठे आहेत? त्या संकेतस्थळाच्या वहीत. उद्या एखाद्या यंत्राने संशय घेऊन तुझे खाते गोठवले, किंवा त्यांनी धोरण बदलले, तर ती पत घेऊन तू कोणाच्या दाराशी जाशील? गिऱ्हाइकाला थेट पत्र लिहून बाहेर व्यवहार करावा तर नियमाने तेही वर्ज्य. विडीवालीच्या हातातला हुन्नर तरी तिच्याबरोबर दुसऱ्या सट्टेदाराकडे जात असे.

उत्साही : हुन्नर माझ्याबरोबरही येतो, त्याची साक्ष येत नाही. हे दुःख खरे आहे. माझ्या एका सहकाऱ्याचे खाते असेच बंद झाले होते. त्याने अर्ज केले, ओळखपत्रे पाठवली, आणि ते पुन्हा उघडेपर्यंत हातातली कामे गेली. कारण त्याला अखेरपर्यंत कळले नाही. तरी मी इतके म्हणेन की ही संकेतस्थळे नियमांना शरण जात नाहीत असे नाही. 2014 साली ओडेस्कने तासाला 3 डॉलरांहून कमी दर लावता येणार नाही असे ठरवले. आकडा लहान आहे. परंतु जो बाजार एक तळ ठरवू शकतो तो दुसरा, अधिक उंच तळही ठरवू शकतो. प्रश्न त्याला भाग पाडण्याचा आहे.

साशंक : भाग कोण पाडणार? येथे मला पुन्हा विडीकडे जावे लागते, कारण विडीच्या गोष्टीचा उत्तरार्ध आपण अद्याप काढला नाही. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार ठरवले, सट्टेदाराच्या आडून बोलणाऱ्या कारखानदाराला मुख्य मालक म्हणून ओढून पुढे आणले, आणि नाकारलेल्या विड्यांवरून होणाऱ्या तंट्याच्या निवाड्याची तरतूद केली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. 1974 साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्याची अंमलबजावणी किती कच्ची राहिली हे मी जाणतो, पण कायद्याने निदान बोट कोणाकडे दाखवायचे ते ठरवले. आता 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता पाहा, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तीत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या प्रथमच आली. मध्यस्थ कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधीत भरावेत, असे आले. त्या कंपन्यांच्या अनुसूचीत व्यावसायिक सेवाही आहेत. परंतु व्याख्येचे शब्द काय आहेत? मालक आणि नोकर यांच्या पारंपरिक संबंधाच्या बाहेर काम करणारा तो गिग कामगार. म्हणजे 1966 च्या कायद्याने बाहेर बसलेलीला आत घेतले, आणि 2020 च्या कायद्याने बाहेर असणे हीच ओळख म्हणून लिहून दिली. परदेशातल्या कंपनीकडून तो निधी गढ्यातल्या तुझ्या घरापर्यंत कसा पोहोचवायचा, हे आणखी निराळे. बरे, सरकारला या कंपन्या सापडत नाहीत असेही नाही. आयकराच्या 194-ओ कलमाने 1 ऑक्टोबर 2020 पासून त्यांच्याकडून तुझ्या मिळकतीवरचा कर मुळातच कापून घेतला जाऊ लागला. त्यांच्या शुल्कावर तू 18 टक्के जीएसटी भरतेस. कर वसूल करायला जो हात समुद्रापलीकडे पोहोचतो, तो हात तुझ्या गोठवलेल्या खात्याचे कारण विचारायला का पोहोचू नये?

उत्साही : तो पोहोचावा, असे मी पूर्ण अंतःकरणाने म्हणते. पण ‘आत घेणे’ म्हणजे काय, याविषयी माझे मन तुमच्याइतके निश्चित नाही. मला कोणाची नोकर व्हायचे नाही. गिऱ्हाईक निवडण्याची, नको ते काम नाकारण्याची, आईच्या दुखण्यात महिनाभर दार लावून बसण्याची मोकळीक हीच माझी या व्यवसायातली खरी कमाई आहे, आणि हजेरीपटावर नाव चढले की ती जाईल. विडी वळणारीला आत येण्याने सर्व काही मिळणार होते, कारण तिच्यापाशी गमावण्यासारखी मोकळीक नव्हतीच. माझ्यापाशी थोडी आहे. तेव्हा मला नोकराचे हक्क हवेत की व्यापाऱ्याचे, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, मला दोहोंतले एकेक हवे. दर माझा मी ठरवीन, पण निवाडा तिऱ्हाइताने करावा, आणि माझ्या कामाची नोंद माझ्या मालकीची असावी.

साशंक : त्या नोंदीपुरते तरी आपले एकमत होते आहे. सरकारी नोकराचे सेवापुस्तक असते. नेमणूक, बदली, बढती, रजा, सारे त्यात चढते, दरवर्षी ते त्याला दाखवून त्याची सही घेतात, आणि माणूस एका कचेरीतून दुसरीकडे गेला की पुस्तक त्याच्यामागून जाते. कचेरी बदलली म्हणून चाकरी पुसली जात नाही. तुझ्यासारख्यांसाठी असे पुस्तक का असू नये, जे प्रत्येक संकेतस्थळाला भरून द्यावे लागेल आणि दुसऱ्याने ते मानावे लागेल?

उत्साही : असावे. मात्र त्यातही एक मेख आहे, जी तुम्ही सेवापुस्तकाच्या सोयीने विसरता आहात. नोंद बरोबर फिरू लागली की प्रतिकूल शेरेही बरोबर फिरतील. आज एखाद्या दुष्ट गिऱ्हाइकाने दिलेला एक वाईट अभिप्राय एका संकेतस्थळावर मागे टाकून दुसरीकडे नव्याने उभे राहता येते. उद्या तो सर्वत्र आधी पोहोचलेला असेल. सरकारी नोकराला प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध अर्ज करण्याला वरिष्ठ असे, माझ्या पुस्तकातल्या शेऱ्याविरुद्ध मी कोणाकडे जाऊ? पुस्तकाआधी न्यायाधिकारी हवा, आणि त्याची सत्ता जबलपूर, न्यूयॉर्क आणि सिडनी या तिन्ही ठिकाणी चालायला हवी. तो कसा निर्माण होईल हे मला दिसत नाही.

साशंक : मलाही दिसत नाही. पण तोवर माझे एक ऐक, आणि तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांग. आपली चोपडी आपण ठेवा. प्रत्येक करार, पूर्ण केलेल्या कामाची प्रत, गिऱ्हाइकाचा अभिप्राय, बँकेने दिलेला परदेशी रकमेचा दाखला, आणि ज्या प्रस्तावांचे काही झाले नाही त्यांना लागलेले तास, हे सारे तारीखवार घरच्या वहीत चढवा. निदान तुमचा बिनपगारी वेळ एका तरी कागदावर असू दे. कधी काळी कोणी निवाडा करायला बसलाच, तर तो पुरावा मागेल.

उत्साही : तशी चोपडी मी ठेवते, काका, तासांचा रकानाही आजपासून घालीन. आयकराचे विवरणपत्र तिच्यावरूनच भरते, आणि घरासाठी कर्ज काढले तेव्हा बँकेने तिच्यातले दाखले पाहून मान्य केले. नव्या संकेतस्थळावर मात्र ती कोणी पाहत नाही. तेथे खाते उघडले की नावापुढे अभिप्राय शून्य असेच लिहिलेले येते.